दोष कुणाचा, काम कुणाचे?



पावसाळा लागला की खेड्यापाड्यांत कावीळ हा शब्द कानावर येऊ लागतो. आधी एका घरात, मग शेजारच्या दोन घरांत. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना उडालेली. आणि मग गावात एकच प्रश्न फिरू लागतो : ही कुणामुळे आली? कुणी लग्नाच्या पंगतीकडे बोट दाखवतो, कुणी नाल्यापलीकडच्या वस्तीकडे, कुणी बाहेरगावाहून आलेल्या मजुरांकडे. एकदा एखाद्या घराचे नाव घेतले गेले की त्या घरचा चहा कुणी घेत नाही, त्यांच्या मुलांशी कुणी खेळत नाही. या प्रश्नावर आज आपण थोडा विचार करू. तो आरोग्याचा वाटतो, पण मुळात तो नीतीचा प्रश्न आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. पाण्यातून आणि अन्नातून पसरणारी कावीळ मुख्यतः दोन विषाणूंमुळे होते, हिपॅटायटीस ए आणि हिपॅटायटीस ई. दोन्हींची वाट एकच. रोग्याच्या विष्ठेतील विषाणू पाण्यातून, अन्नातून किंवा न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या तोंडात जातो. हिपॅटायटीस एचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 15 ते 50 दिवस जातात. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की डोळे पिवळे होण्याच्या आधीचे एक-दोन आठवडे तो माणूस सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकत असतो. लहान मुलांना तर बहुधा कावीळ दिसतच नाही. ती खेळतात, बागडतात आणि रोग पसरवतात.

म्हणजे ज्याच्यामुळे दुसऱ्याला रोग झाला, त्याला त्या वेळी आपण आजारी आहोत हेच ठाऊक नव्हते. पंगतीत वाढणाऱ्या बाईने प्रेमानेच वाढले. तिला दोषी कसे म्हणणार? संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, जे प्रयत्न करूनही दूर करता आले नसते. दुसरे, जे दूर करता आले असते, पण माणसाने हयगय केली. पहिल्या अज्ञानात केलेल्या कृत्याचा दोष लागत नाही, दुसऱ्याचा लागतो. पहिल्या रोग्याचे अज्ञान पहिल्या प्रकारचे आहे. आंधळ्या माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला आणि पुढे काय करायचे तिकडे त्यांचे लक्ष वळवले.

पण दोष नाही म्हणजे जबाबदारीही नाही, असे नव्हे. येथेच आपली गफलत होते. आपल्याला वाटते की ज्याचा दोष त्याचेच काम. म्हणून आपण दोषी शोधत बसतो, आणि तो सापडला की आपण मोकळे.

इचलकरंजीचे उदाहरण घ्या. 2012 साली त्या यंत्रमागांच्या शहरात हिपॅटायटीस ईची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. पंचगंगा नदीत कोल्हापूरचे सांडपाणी येते, इचलकरंजीचेही जाते, कारखान्यांचेही मिसळते. प्रत्येकाला वरच्या अंगाला बोट दाखवायला कुणीतरी सापडतो. नदीचे हेच आहे. प्रत्येक गाव कुणाच्या तरी खाली असते आणि कुणाच्या तरी वर. वरच्याने घाण करू नये असे आपण म्हणतो, तेव्हा खालचा माणूस आपल्याविषयी तेच म्हणत असतो.

हे शहरापुरते नाही. जेथे नळाला दिवसाआड पाणी येते आणि जलवाहिनी नालीच्या कडेने किंवा नालीतूनच जाते, तेथे काय होते पाहा. पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो. तो कोठे फुटका असेल तर नालीतली घाण आत ओढली जाते. त्यात कुणी नळाला थेट टिल्लू पंप लावला की ही ओढ आणखी वाढते. पंप लावणाऱ्याला चार हंडे जास्त मिळतात, आणि गल्लीच्या टोकाच्या घरी नालीचे पाणी पोचते. पंप लावणारा कुणाचे वाईट चिंतत नाही. तो फक्त आपल्या घरापुरते पाहतो. बहुतेक साथी दुष्टपणामुळे नव्हे, तर अशा घरापुरते पाहण्यामुळे पसरतात.

आपल्या समाजाने पाण्यावरून शतकानुशतके एक प्रश्न विचारला : या पाण्याला कुणाचा हात लागला? उत्तर जातीत शोधले. 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. 1928 साली वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुले केले, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. हात कुणाचा हे विषाणू विचारत नाही, हात धुतलेला आहे की नाही एवढेच त्याला कळते. म्हणून साथीच्या वेळी वस्ती पाहून बोट दाखवणे हे अन्याय्य तर आहेच, शिवाय चुकीचेही आहे. त्यामुळे फुटका पाइप तसाच राहतो.

कावीळ उतरवणाऱ्यांविषयीही एक शब्द. काही ठिकाणी रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुतात, पाणी पिवळे होते आणि कावीळ उतरली असे सांगतात. आंब्याच्या सालीचा रस चुन्याला लागला की पिवळा रंग येतो, यात चमत्कार नाही. हिपॅटायटीस एचे बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, म्हणून श्रेय मंत्राला मिळते. पण मंत्र विहिरीत काय आहे ते विचारत नाही. शिवाय गर्भवती स्त्रीला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हिपॅटायटीस ई जिवावर बेतू शकतो. तिला एक दिवसही न दवडता दवाखान्यात न्यावे.

मग आपले काम कोणते? साथ असेल तेव्हा पाणी उकळून प्यावे. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. कावीळ झालेल्याने निदान आठवडाभर दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, वाढू नये. धर्मग्रामाच्या स्नेहभोजनातही हा नियम पाळावा, आणि जो घरी थांबेल त्याचा मान राखावा. नळाचे टिल्लू पंप काढावेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली का, क्लोरीन तपासले का, हे ग्रामसभेत उठून विचारावे. ज्यांचे ते अधिकृत काम आहे त्यांना जाब विचारणे हाही आपल्या जबाबदारीचाच भाग आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून घरी बसणे मात्र जबाबदारी नव्हे.

आणि रोग्याला भेटायला जावे. शेजारी बसल्याने, बोलल्याने ही कावीळ होत नाही. 1939 साली कुष्ठरोगी परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा लोकांना त्या रोगाचे किती भय होते! गांधीजींनी त्यांना आश्रमातच जागा दिली आणि स्वतः त्यांना मालीश केले. रोगाला दूर ठेवावे, रोग्याला नव्हे, हा धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला आहे. त्याच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने पुढे गावकऱ्यांकडून सुगीला ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. गावातली बरीचशी घरे सामील झाली तरच गाव घेतले जाई. यंदा कोण आजारी पडेल हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून सर्वांनी पायली-पायली आधीच घातली. दोष कुणाचा हे न विचारता काम वाटून घेण्याची ती रीत होती.

पिलातानेही हात धुतले होते, पण ते जबाबदारी झटकण्यासाठी. आपण साबणाने हात धुतो ते पुढच्या पानावर बसलेला माणूस आपला आहे म्हणून. कालपर्यंत कुणाला हे ठाऊक नसेल, तर त्याला दोष नाही. पण हे पत्रक वाचल्यावर ते अज्ञान उरत नाही. आज घरी गेल्यावर आधी आपला नळ आणि त्याखालची नाली पाहावी, आणि पाइप फुटका दिसला तर उद्या सकाळी पंचायतीत जावे. एकट्याने नको, शेजाऱ्याला बरोबर घेऊन.