एक काना

कोलकात्याच्या बालीगंज भागात पाम अव्हेन्यूवर दोन खोल्यांचा साधा सरकारी फ्लॅट आहे. बुद्धदेव भट्टाचार्य 2000 ते 2011 या काळात पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते, तेव्हाही ते तिथेच राहत. जून 2023 मध्ये त्यांच्या, मुलगी म्हणून वाढलेल्या आणि आता चाळिशी ओलांडलेल्या अपत्याने जाहीर केलं, की मी ट्रान्स पुरुष आहे, यापुढे मला सुचेतन म्हणा. जुन्या नावातला शेवटचा काना तेवढा गळला. बंगालीतही काना आपल्यासारखाच, एक उभी रेघ.

मी कुणाचं मूल आहे ही यात मोठी गोष्ट नाही, असं सुचेतन यांनी तेव्हा सांगितलं. ट्रान्स पुरुष म्हणून समाजात रोज जो त्रास सोसावा लागतो, तो त्यांना थांबवायचा होता. मुख्यमंत्र्याच्या घरात राहूनही तो चुकला नव्हता. आणि वडिलांचं काय? त्यांना लहानपणापासूनच ठाऊक आहे, ते पाठीशी राहतील, असंही सुचेतन म्हणाले.

लहानपणापासून ठाऊक, या शब्दांपाशी मी थांबते. ठाऊक बहुतेक घरांत असतंच. घरात कुणी नसताना आईची साडी गुंडाळून आरशासमोर उभा राहणारा मुलगा, फ्रॉक घालायचा म्हटला की रडून घर डोक्यावर घेणारी मुलगी. आईच्या नजरेतून हे सुटत नाही. घर बिथरतं ते शेजाऱ्यांना कळल्यावर. मग भावकी आठवते, सोसायटी आठवते, ताईचं लग्न अडेल अशी धास्ती वाटते. ‘तिचं एकदा होऊन जाऊ दे, मग तुला काय करायचं ते कर,’ असं म्हणणारी आई दुष्ट नसते, घाबरलेली असते. पण तिच्या भीतीची किंमत लेकराने का मोजायची?

आपल्या पुण्याच्या ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांचे वडील पोलीस अधिकारी. आपण जिवंत असतानाच वडिलांनी आपले अंत्यसंस्कार उरकले, हे गौरीताईंनी जाहीरपणे सांगितलं आहे. हे लिहितानाही हात अडखळतो. ज्यांना घराने मेलेलं ठरवलं, त्याच गौरीताई पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 15 एप्रिल 2014 च्या निकालाने आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, त्या लढ्यात त्या होत्या. आणि पोरक्या झालेल्या एका मुलीच्या त्या आई झाल्या.

2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने एक तरतूद केली: केवळ ट्रान्सजेंडर आहे म्हणून कुठल्याही मुलाला, न्यायालयाच्या आदेशाशिवाय, आईवडिलांपासून वेगळं करता येणार नाही. तरतूद चांगलीच आहे. पण आईवडिलांनीच आतून कडी लावली तर? 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात सुमारे 4 लाख 88 हजार माणसं नोंदली गेली. गणक दारात उभा राहतो आणि घरातला मोठा माणूस उत्तरं देतो. त्या क्षणी किती बापांनी खरं सांगितलं असेल?

घराने साथ दिली म्हणून रस्त्यावरचे टोमणे थांबत नाहीत. भाड्याची खोली मिळत नाही ती नाहीच मिळत. पण दिवसभराचं ऐकून परतल्यावर आतून कुणी आपल्याला आपल्या नावाने हाक मारली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडता येतं. ठाण्याच्या ट्रान्स कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींना आईवडिलांनी घराबाहेर काढलं नाही. त्या एवढ्या मोठ्या आवाजात बोलू शकल्या, यात मला त्या घराचा वाटा दिसतो.

8 ऑगस्ट 2024 रोजी बुद्धदेवबाबू गेले, त्याच पाम अव्हेन्यूच्या घरात. आपल्याकडे निधनवार्तेची शेवटची ओळ ठरलेली असते: त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सुना, नातवंडे असा परिवार आहे. गावोगावच्या किती ओळींतून एखादं नाव गुपचूप वगळलेलं असतं. बुद्धदेवबाबूंच्या अनेक बातम्यांतल्या त्या ओळीत दोन नावं होती. पत्नी मीरा आणि मुलगा सुचेतन.