नोंद नष्ट करण्याचा अधिकार कोणाचा?

दस्तऐवज व्यवस्थापनाच्या कोणत्याही मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कागदाला मुदत लावण्याची सोय असते. पत्र, करारनामा, ईमेल, देयक, काहीही प्रणालीत दाखल झाले की त्याला नियम लागू होतो : अमुक वर्षे जपायचे, मग अभिलेखागाराकडे पाठवायचे किंवा कायमचे पुसायचे. मुदत भरली की पुढचे काम यंत्र करते. ती मुदत कोणी आणि कोणाच्या सोयीने ठरवावी, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यंत्राकडे मागता येत नाही.

या प्रश्नाचे मूळ स्मृती आणि पुरावा यांच्या नात्यात आहे. न्यायदर्शन स्मृतीला प्रमा, म्हणजे प्रमाण ज्ञान, मानत नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग केले आहेत आणि प्रमेचा मान यथार्थ अनुभवालाच दिला आहे. स्मृती आधीच्या अनुभवाच्या संस्कारावर उभी असते, तिला स्वतःचा वेगळा आधार नसतो. एखाद्याला आपण या देशात कोणत्या साली आलो, कोणत्या शाळेत बसलो, हे लख्ख आठवत असले तरी दुसऱ्याच्या दारात ती आठवण चालत नाही. तिथे शब्दप्रमाण लागते, म्हणजे आप्ताचे, विश्वास ठेवावा अशा सांगणाऱ्याचे वचन. आजच्या समाजात हा आप्त बहुतेक वेळा एखादे कार्यालय असते. अभिलेख व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५४८९, प्रथम २००१ मध्ये आले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले. नोंद अस्सल, विश्वसनीय, अखंड आणि वापरता येण्याजोगी असावी, असे ते सांगते. या अपेक्षा आप्ताच्या लक्षणांहून फार दूर नाहीत. एक भेद मात्र मोठा आहे. आप्ताने खोटे सांगितले तर त्याला जाब विचारता येतो. नष्ट झालेली नोंद गप्प राहते आणि ते गप्प राहणे तिच्यात ज्याचे नाव होते त्याच्याच विरुद्ध धरले जाते.

अभिलेख व्यवस्थापनाच्या व्यवसायाला मुदतींचा विचार नवा नाही. एआयआयएम ही त्यातली जुनी संघटना १९४३ मध्ये मायक्रोफिल्मवाल्यांची संघटना म्हणून सुरू झाली. पुढे फाइलनेट, डॉक्युमेंटम, ओपनटेक्स्ट, शेअरपॉइंट अशी उत्पादने आली. या क्षेत्रातल्या परिषदांत अनुभवी माणसे आवर्जून सांगतात की सॉफ्टवेअर घेण्याआधी मुदतींचे कोष्टक तयार हवे, कोष्टकातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी कोणा एकावर हवी आणि पुसलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद मागे राहायला हवी. सल्ला खरा आहे, पण त्यात सगळा विचार संस्थेच्या बाजूने झालेला असतो : साठवणुकीचा खर्च, खटल्याचा धोका, शोधायला लागणारा वेळ.

या विचारातली कायद्याची बाजू अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीच्या प्रकरणाने पक्की केली. ऑक्टोबर २००१ मध्ये, अमेरिकेच्या रोखे आयोगाची चौकशी समोर दिसत असताना, एन्रॉनचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसनच्या ह्यूस्टन कार्यालयात ढीगभर कागद श्रेडरमध्ये गेले. त्याआधी कर्मचाऱ्यांना एवढीच आठवण करून दिली होती की कागदांबाबतचे संस्थेचे धोरण पाळा. जून २००२ मध्ये संस्था दोषी ठरली. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्युरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून, तो निकाल एकमताने फिरवला. तोवर संस्था मोडून पडली होती. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने चौकशीत अडथळा आणण्याच्या हेतूने दस्तऐवज नष्ट करणाऱ्याला वीस वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. वादाची चाहूल लागताच मुदत गोठवण्याची ‘लीगल होल्ड’ ही सोय त्यानंतरच्या वर्षांत सॉफ्टवेअरमध्ये अपरिहार्य झाली. इथे कायद्याने दोष हेतूत पाहिला. हेतू वाईट नसेल तर नोंद नष्ट करणे निर्दोष ठरते का, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

ते उत्तर ब्रिटनमधल्या एका घटनेत शोधावे लागते. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज टिलबरीला लागले. तेव्हापासून पुढची सुमारे पंचवीस वर्षे कॅरिबियन बेटांतून माणसे ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे येत आणि राहत गेली. कित्येक मुले आईवडिलांच्या पासपोर्टवर आली. १ जानेवारी १९७३ ला लागू झालेल्या कायद्याने आधी स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क मान्य केला, पण प्रत्येकाच्या हातात कागद दिला नाही. त्यांच्या येण्याची नोंद असलेली उतरण-कार्डे गृहखात्याकडे होती. ती नष्ट करण्याचा निर्णय २००९ मध्ये झाला आणि २०१० मध्ये तो अमलात आला. पुढे २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, बँका आणि मालकवर्ग यांना माणसाचा राहण्याचा हक्क तपासायला लावले. आयुष्यभर कर भरलेल्या माणसांना राहिलेल्या प्रत्येक वर्षाचा पुरावा मागितला गेला. कोणाची नोकरी गेली, कोणाचे उपचार थांबले, काहींना कोठडीत ठेवले, काहींना देशाबाहेर काढले. २०१८ मध्ये हे सगळे उघड झाले आणि गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

कार्डे का नष्ट केली, याचे खात्याने दिलेले कारण विचार करण्याजोगे आहे : वैयक्तिक माहिती गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये, हे माहिती-संरक्षणाचे तत्त्व. कार्डांवरून माणूस पुढे सलग राहिला हे सिद्ध होत नाही, असेही खात्याने म्हटले. दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर असतील. पण ‘गरज’ या शब्दात फक्त खात्याची गरज मोजली गेली. ज्याचे नाव कार्डावर होते, त्याची गरज कोणत्याच रकान्यात नव्हती. पुरावा मागणारा आणि पुरावा नष्ट करणारा एकच असणे, हा या प्रकरणातला खरा अन्याय आहे. हेतू शुद्ध होता असे मानले तरी तो कमी होत नाही.

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांनाही हा प्रश्न जवळचा आहे. अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना रुजवलेल्या सहा गठ्ठे पद्धतीत सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा असतो. अ वर्गातले अभिलेख कायम ठेवायचे, ड वर्गातले वर्षभरात काढून टाकायचे, असे निंदणीकरण चालते. ते हवेच, त्याशिवाय अभिलेखकक्षात पाय ठेवायला जागा उरणार नाही. तरी नोंदीचे मोल आजच्या उपयोगावरून ठरत नाही, हे याच राज्यात सर्वांत स्पष्ट दिसते. जातपडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर आणि गावचे कोतवालबुक लिहिणाऱ्यांच्या मनात असा काही उपयोग नव्हता. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने काम सुरू केले, तेव्हा जुनी रजिस्टरे आणि मोडीतले कागद पुन्हा उघडावे लागले. ज्या गावचे रजिस्टर वाळवीने किंवा निष्काळजीपणाने गेले, तिथल्या माणसाचा दावा त्याच्या कोणत्याही चुकीवाचून दुबळा झाला.

म्हणून सगळेच कायम जपावे, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. फेडलेले कर्ज आणि भोगून संपलेली शिक्षा माणसाच्या मागे जन्मभर लागू नये, हीही न्यायाचीच मागणी आहे. युरोपीय न्यायालयाने मे २०१४ मध्ये गुगलविरुद्धच्या खटल्यात एका स्पॅनिश नागरिकाचे म्हणणे मान्य केले. कर्जवसुलीसाठी त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची १९९८ ची वर्तमानपत्री सूचना त्याच्या नावाच्या शोधात दिसत राहू नये, असे ते म्हणणे होते. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की वर्तमानपत्राच्या संग्रहातली सूचना तशीच राहिली, फक्त शोधातला दुवा गेला. जपणे आणि पुसणे यांच्यामध्ये ही तिसरी वाट आहे : नोंद ठेवायची, तिचा वावर आवरायचा. चांगल्या प्रणालीत हे अधिकारांच्या नियमांनी सहज करता येते. आडवे येते ते कोष्टकातल्या दोनच पर्यायांत विचार करण्याचे वळण.

विसरले जाण्याचा हक्क आणि पुराव्याचा हक्क एकाच माणसाचे आहेत, ज्याची ती नोंद आहे त्याचे. म्हणून जी नोंद कोणाच्या हक्काची एकुलती साक्षीदार आहे तिची मुदत त्या माणसाच्या आयुष्यावरून, आणि हक्क वारशाने जात असेल तर त्याच्या वारसांवरूनही, मोजायला हवी. केंद्रीय अभिलेखांसाठी १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने काही बंधने घातली आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने अभिलेखांची सूची करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर सोपवले आहे. त्याच सूचीशेजारी नष्ट करायच्या अभिलेखांची यादीही आधी जाहीर व्हावी आणि हरकतीसाठी पुरेसा अवधी मिळावा. अशी यादी लागली तर ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, तहसीलच्या फलकावर ती थांबून वाचावी आणि आपल्या किंवा आपल्या माणसाच्या कामाची नोंद तीत दिसली तर हरकतीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.