सवलत हवी, आव्हानही हवं

ग्रहण कसं लागतं असं विचारलं की एखादा मुलगा डस्टर आणि खडू हातात घेतो आणि सावली कुठे पडेल ते नेमकं दाखवतो. त्याच मुलाच्या वहीत ‘प्रकाश’चा ‘पकाश’ झालेला असतो, ‘सूर्य’मधला रफार गळालेला असतो आणि पंचेचाळीस ऐकून त्याने ५४ लिहिलेले असतात. प्रगतिपुस्तकातला शेरा ठरलेला: ‘हुशार आहे, पण आळशी.’

अशी मुलं बुद्धीच्या जोरावर तिसरी-चौथीपर्यंत निभावून नेतात. धडा वाचता आला नाही तरी ऐकून पाठ करतात, म्हणून वाचणं-लिहिणं अवघड करणारी अध्ययन अक्षमता कुणाच्या लक्षात येत नाही. अक्षमतेमुळे गुण बेताचेच पडतात, म्हणून बुद्धीही दिसत नाही. बुद्धिमापनातही हाच घोळ होतो. भाषिक तर्कात १३५ आणि कामाच्या वेगात ८५ असलेल्या मुलाची नुसती सरासरी काढली, तर अहवालात चारचौघांसारखं मूल उरतं.

खरं तर महाराष्ट्रात दोन्ही बाजूंनी काम झालेलं आहे. प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचा विचार करणारी ज्ञान प्रबोधिनी पुण्यात १९६२ साली सुरू झाली. अध्ययन अक्षमतेसाठी काम करणारी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन मुंबईत १९९६ मध्ये उभी राहिली, आणि त्याच सुमारास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू लागल्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला अधिकृत स्थान दिलं. तरीही शाळेत या दोन खिडक्या वेगळ्याच राहिल्या. एका खिडकीवर शिष्यवृत्तीची तयारी, दुसरीवर अक्षमतेचं प्रमाणपत्र. दोन्हींची गरज असलेल्या मुलाने कुठे उभं राहायचं?

ही कोंडी फोडायला पालकच एकत्र येतात, गट बांधतात, मुख्याध्यापकांना भेटतात. या गटांचं नेतृत्व करणाऱ्यांनी दोन गोष्टींचं भान ठेवायला हवं.

पहिली, सवलत ही मुलाची पातळी खाली आणण्याची सोय होऊ नये. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घेण्याची मुभा अनेकांना आधार देऊन गेली. पण ज्याला भूमितीची सिद्धता तोंडी सांगता येते आणि फक्त लिहायला वेळ लागतो, त्याच्याकडून भूमितीच काढून घेणं हा उपाय नव्हे. त्याला वेळ द्या, लेखनिक द्या, तोंडी परीक्षा घ्या. पण प्रश्न अवघडच विचारा.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने २००७ मध्ये डिस्लेक्सिया (वाचनातली अक्षमता) हा शब्द घराघरांत नेला, हे त्याचं मोठंच श्रेय. पण त्यातला डिस्लेक्सिया असलेला ईशान अखेर चित्रकलेची स्पर्धा जिंकतो. प्रत्येक मुलात असा चित्रकार दडलेला नसतो. ‘आमची मुलं हुशार आहेत, म्हणून त्यांना मदत करा’ ही मागणी ऐकायला सोपी वाटते, पण ती बेताच्या बुद्धीच्या मुलाला दाराबाहेर ठेवते. वाचायला शिकवलं जाणं हा हक्क आहे, हुशारीचं बक्षीस नव्हे. हुशार मुलांच्या पालकांनीच हे ठणकावून सांगितलं, तर त्यांच्या गटाची चळवळ होईल. एरवी तो आपापल्या मुलांपुरता क्लब राहील.

त्यासाठी मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांबाहेर पडावं लागेल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांपर्यंत ती आणि तिचं प्रशिक्षण पोचवणं हे गटांना झेपणारं काम आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं, पण मदत सुरू करायला कागदाची वाट पाहायचं कारण नाही.

कायदा झाला, चाचण्या आल्या. आता शाळेच्या पुढच्या पालकसभेत उभं राहून दोनच प्रश्न विचारा: ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शाळा काय करते? आणि ज्याला अधिक हवं आहे त्याला काय देते? दोन्हींचं उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.