उसना आवाज

दवंडी पिटणाऱ्या माणसावर कोणी रागावल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. पाणीपट्टी भरा, गुरे मोकळी सोडू नका, अमक्या तारखेला जप्ती येणार आहे, असले कडू निरोप आमच्या गावचा कोतवाल हलगी वाजवीत चावडीपासून वेशीपर्यंत ओरडत जाई. आणि लोक शिव्या देत त्या तालुक्याच्या साहेबाला. कोतवालाला उलट कोणीतरी ओट्यावर बसवून चहा पाजी. निरोप सरकारचा, गळा तेवढा याचा, ही वाटणी अक्षरशत्रूलाही समजत असे.

पण ही वाटणी खरोखरच इतकी सोपी आहे काय? गेले काही महिने हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही, आणि त्याला कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी. वर्गात धडा वाचायला उभी राहिली की खोड्या करणारी मुलेदेखील गप्प बसत, असा तिचा आवाज. पुढे ती मुंबईस गेली आणि आवाजावरच पोट भरू लागली. या धंद्याला आता सगळे व्हॉइस-ओव्हर म्हणतात. चित्र एकाचे, शब्द दुसऱ्याचे, माल तिसऱ्याचा आणि आवाज हिचा. एखाद्या सकाळी ती साबण असते, दुपारी सरकारी माहितीपटातली गंभीर बाई असते आणि संध्याकाळी कार्टूनमधली मांजर.

गोड गळा असला की झाले, असे आपणांस वाटते. मलाही वाटत असे. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षे ती नमुन्याची ध्वनिमुद्रणे घेऊन अंधेरीतल्या स्टुडिओंचे जिने चढत होती. काम मिळाले तरी पैसे हाती पडायला तीन-तीन महिने लागत. जाहिरात बहुधा आधी हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलेली असते. तिचे मराठी करणारा गृहस्थ शब्द मोजीत नाही, आणि घड्याळ मात्र ३० सेकंदांवर थांबते. मग तेच वाक्य घाई न जाणवू देता लवकर संपवायचे! 'प', 'फ', 'भ' म्हणताना श्वासाचा झोत मायक्रोफोनवर आदळतो, म्हणून मध्ये जाळी लावायची. तोंड कोरडे पडले की जिभेचा बारीक चटचट आवाज उमटतो, म्हणून पाण्याचा घोट किंवा हिरव्या सफरचंदाची फोड जवळ ठेवायची. अलीकडे तिने एका खोलीच्या बिऱ्हाडात कपड्यांच्या कपाटाला आतून आईच्या गोधड्या टांगून आपला स्टुडिओ केला आहे. शेजारणीचा कुकर शिट्ट्या देऊ लागला की काम बंद. गोधडीइतका आवाज शोषणारा पदार्थ स्वस्तात दुसरा मिळत नाही, असे ती सांगते. आमच्या आज्यांना या गुणाचा पत्ता नव्हता.

एकदा तिने मला विचारले, "सर, 'मी रोज हेच तेल लावते' असं मी म्हणते. मी लावत नाही. हे खोटं बोलणं होतं का?"

नाटकात नट 'मी राजा आहे' म्हणतो तेव्हा कोणी फसत नाही. तिकीट काढतानाच ते ठरलेले असते. माझ्या कादंबरीतला सावकार बोलतो ते माझे मत नव्हे, हेही वाचकांना कळते. (एका सद्गृहस्थांना कळले नव्हते, त्यांचे चार पानी पत्र मी जपून ठेवले आहे.) जाहिरातीतला 'मी' मात्र चमत्कारिक असतो. ऐकणारा त्यावर पुरता विश्वास ठेवीत नाही आणि पुरता टाकूनही देत नाही. कोतवालाच्या दवंडीत 'मी' हा शब्दच नव्हता, म्हणून तो निर्दोष राहिला. मी तिला म्हटले, केसांच्या तेलाने कोणाचे फारसे बिघडत नाही. पण उद्या कोणी 'या गोळीने माझा मधुमेह बरा झाला' असे म्हणायला सांगितले, तर तिथे गळा उसना आहे ही सबब चालणार नाही. ती हसली. असली दोन कामे तिने आधीच नाकारली होती.

'नाकारली' या शब्दाशी मी त्या दिवशी थबकलो. आपल्याकडे एक जुनी कथा आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणास रेड्याच्या मुखातून वेद वदविले. कथा ऐकताना आपण ज्ञानेश्वरांना हात जोडतो, ब्राह्मणांची फजिती पाहून सुखावतो. पण रेड्याला वेद म्हणायचे होते का, हे कोणी विचारीत नाही. विचारण्याचे कारणही नाही, कारण तो नाही म्हणू शकत नव्हता. म्हणूनच त्या वेदांचे पुण्य त्याचे नाही आणि त्यात चूक झाली असती तर पापही त्याचे नसते. माणसाची गोष्ट निराळी. जो नाही म्हणू शकतो त्याच्याच हो म्हणण्याला किंमत आहे, आणि जबाबदारीही त्याचीच आहे.

आवाज देणाऱ्यांचा आतापर्यंतचा झगडा नावासाठी होता. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातील ज्या गाण्याने सारा देश वेडा केला, त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर लता मंगेशकरांचे नाव नव्हते. चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी' हे नाव छापले होते. फिल्मफेअरची पारितोषिके १९५४ पासून दिली जात होती, पण पार्श्वगायनाला स्वतंत्र पारितोषिक मिळायला १९५९ साल उजाडले. तो अन्याय होताच. तरीही ते गाणे गायचे की नाही हे गाणारी ठरवीत होती. आता जे चालले आहे त्यात नेमके तेच उरत नाही.

सुझन बेनेट नावाच्या अमेरिकन बाईंनी २००५ सालच्या जुलै महिन्यात रोज काही तास, निरर्थक वाटणारी असंख्य वाक्ये वाचून दिली. टेलिफोनवर उत्तरे देणाऱ्या यंत्रासाठी ती असावीत, असा त्यांचा समज. २०११ साली ॲपलच्या फोनमध्ये 'सिरी' बोलू लागली, तेव्हा एका सहकाऱ्याने त्यांना विचारले, ही तुम्हीच ना? त्यांना काहीच ठाऊक नव्हते. ज्या उत्तरांचा त्यांनी कधी विचारही केला नव्हता, ती त्यांच्या गळ्यातून जगभर दिली जात होती. आणि त्या काळी यंत्राला निदान तासन्तास वाचून द्यावे लागे. आता थोड्याशा बोलण्यावरून त्या माणसाचा आवाज घडवता येतो.

न्यायालये या बाबतीत जागी नाहीत असे नाही. गायिका बेट मिडलर यांनी फोर्ड मोटारीच्या जाहिरातीत गायला नकार दिला, तेव्हा जाहिरातवाल्यांनी त्यांच्याच एका जुन्या साथीदार गायिकेकडून हुबेहूब त्यांच्यासारखे गाऊन घेतले. १९८८ साली तेथील अपील न्यायालयाने हा मिडलरबाईंचा अपहार ठरविला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेला मनाई केली. पण ही नामवंतांची कथा झाली. साबणाच्या जाहिरातीतली बाई कोण, हे ज्यांना माहीतच नाही ते तिचा आवाज चोरला गेला हे ओळखणार कसे?

आपल्या पूर्वजांनी वाणीचे चार प्रकार सांगितले: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. ओठांबाहेर पडते ती वैखरी. तीच मायक्रोफोन पकडतो, तीच विकता येते, यंत्रालाही तिचीच नक्कल साधते. बोलावे की बोलू नये हा निवाडा त्याआधी, आतल्या तीन पायऱ्यांवर होऊन गेलेला असतो. शास्त्री मंडळी माझ्या या अर्थाला नाक मुरडतील. दहावीच्या पुढे न गेलेल्या मास्तराने त्यांची भीती का बाळगावी?

गेल्या मे महिन्यात ती घरी आली तेव्हा एक करारनामा घेऊनच. चार दिवस काही हजार वाक्ये वाचायची, आणि मोबदला तिच्या चार महिन्यांच्या कमाईइतका. शेवटच्या पानावर एक ओळ होती: या ध्वनिमुद्रणाचा उपयोग कोणत्याही माध्यमात, कोणत्याही तंत्राने, कायमचा करण्याचा अधिकार कंपनीस राहील. इंग्रजी तिचे माझ्यापेक्षा चांगले. अर्थ तिला कळलाच होता. तिला ऐकायचे होते ते दुसरे काही. "सर, यात मी वाचन विकते आहे की नकार?"

मी म्हटले, ती ओळ खोड. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्याला हे म्हणणे सोपे आहे, हे मला कळत होते आणि तिलाही. तरी मी ते म्हटले, आणि आजही तेच म्हणेन. मधुमेहाची ती गोळी उद्या तिच्याच आवाजात विकली जाईल, तेव्हा दोन वेळा दिलेला तिचा नकार कोणत्या कपाटात शोधायचा?

तिने ओळ खोडली आणि समासात लिहिले की प्रत्येक नव्या मजकुरासाठी माझी संमती घ्यावी. कागद परत गेला. पंधरा दिवसांनी कळले की काम दुसऱ्या एका मुलीला मिळाले आहे. तिला मी बोल लावणार नाही. घरभाडे तिलाही द्यावे लागत असेल. माझी विद्यार्थिनी सध्या एका परदेशी कार्टूनमधल्या म्हाताऱ्या कासवाला मराठी बोलायला लावीत आहे. कासवाच्या घोगऱ्या बोलण्याने घसा बसतो, म्हणून परवा तिने आमच्या बाजारातून ज्येष्ठमध मागवला. पाव किलो धाडून दिला आहे.