पाळणा कोण थांबवतं?

देश श्रीमंत झाला की मुलं कमी होतात, असं आपण सरसकट म्हणतो. मला हे अर्धवट वाटतं. केरळ बाईमागे दोन मुलांवर आलं १९८०च्या दशकाच्या अखेरीस, हातात फारसा पैसा नसताना. फ्रान्समध्ये तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच जन्मदर उतरू लागला, कारखाने उभे राहण्याच्या आधी.

जॉन कॉल्डवेल या लोकसंख्याशास्त्रज्ञाने नायजेरियातल्या कुटुंबांचा अभ्यास करून साधा प्रश्न विचारला: घरात संपत्ती कुणाकडून कुणाकडे वाहते? शेतीवर जगणाऱ्या घरात सात वर्षांचं पोर शेळ्या राखतं, दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन आईला कामाला मोकळं करते, आणि म्हातारपणी तीच मुलं आधार होतात. शाळा आली की प्रवाह उलटतो. गणवेश, वह्या, रिक्षा, शिकवणी. कमावते हात खर्चाचे होतात. त्यात लसीकरणाने पोरं जगू लागली, म्हणजे तीन हाती लागावीत म्हणून सहा जन्माला घालण्याची गरज सरली. मग मुलं कमी झाली यात नवल नाही, आणि वाईटही काही नाही.

पण दोनवर येऊन आकडा थांबत का नाही? त्यासाठी दक्षिण कोरियाकडे पाहावं. तिथे १९६०मध्ये बाईमागे सुमारे सहा मुलं होती, १९८३च्या सुमारास दोन, आणि २०२३मध्ये ०.७२. सोलमधल्या गंगनम भागात दैची-दोंग ही शिकवणीवर्गांची वस्ती आहे. रात्री दहानंतर वर्ग घ्यायला तिथे बंदी आहे. म्हणून दहाच्या सुमाराला पोरं लोंढ्याने बाहेर पडतात आणि त्यांना न्यायला आलेल्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. एका मुलाला एवढं पुरवताना दुसऱ्याचा विचार कोण करणार?

तरीही शिकवणीची फी हे सगळं कारण नव्हे. कोरियन मुली भरपूर शिकल्या, नोकरीला लागल्या; घर मात्र जुनंच राहिलं. स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत तिथे सुमारे ३० टक्के, श्रीमंत देशांत सर्वांत मोठ्यांपैकी एक. लग्न आणि मुलांपायी नोकरी सुटलेल्या बायकांची तिथल्या सरकारी आकडेवारीत वेगळी मोजदाद होते. लग्नाबाहेर मूल होणं तिथे अजून विरळाच, त्यामुळे मुलीने लग्नच नाकारलं की पाळण्याचा विषय संपला. २००६पासून सरकारने अफाट पैसा ओतला, पण आकडा सावरला नाही. उलट स्वीडनमध्ये मूल झाल्यावरच्या रजेचे ९० दिवस बापासाठी राखीव असतात, ते आईला देता येत नाहीत. दर तिथेही दोनच्या बराच खाली आहे, हे मान्य. पण कोरियाच्या जवळपास दुप्पट आहे.

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा दर बाईमागे १.७ आणि गोव्याचा १.३ आहे. ही पाहणी आणखी एक गोष्ट सांगते: महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे; पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण शंभरात एकही नाही. पाळणा थांबवायचा तोही बाईनेच. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७. तेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांच्यापुरतं, आणि असे पुरुष चौघांत जेमतेम एक.

र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. नको असलेलं बाळंतपण बाईवर लादू नये, यासाठी ते आयुष्यभर समाजाशी भांडले. ती लढाई आपण बरीचशी जिंकली आहे. दुसरी तशीच पडून आहे: हवं असलेलं मूल बाईला नोकरी न गमावता, एकटीने न पिचता वाढवता यावं. आता आंध्रचे मुख्यमंत्री जास्त मुलं होऊ द्या म्हणतात, नागपूरहून सरसंघचालक तीन मुलांचा सल्ला देतात. या आवाहनांचा रोख शेवटी मुलींवरच येतो, याची मला चीड येते.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने आईची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने एक दिवसही रजा मिळत नाही. तुमचे आमदार-खासदार मत मागायला येतील तेव्हा त्यांना विचारा: बापाची रजा कधी आणता, आणि कागदावरची पाळणाघरं कधी उघडता?