सरकार वारस की राखणदार?

नागावपासून श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर बंद घरं बरीच दिसतात. कुलूप गंजलेलं, वाडीत सुपारी पडून कुजलेली, सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. धनी गेला आणि कायद्याने वारसच उरला नाही, तर ती वाडी सरकारची होते. राज्यघटनेचं कलम 296 आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 29 हेच सांगतं. पण सरकारची म्हणजे मालकीची की राखणीची? हा प्रश्न मुळात राजधर्माचा आहे, आणि माझ्या मते राज्य इथे आधी राखणदार असतं, धनी फार उशिरा.

मनुस्मृतीत धनी न सापडलेलं द्रव्य राजाने तीन वर्षं सांभाळावं असं आहे; मग ते त्याचं. मनूने बेवारस ब्राह्मणाचं धन राजाला वर्ज्य केलं आणि इतरांचं मोकळं ठेवलं, हा पक्षपात झाकण्यात अर्थ नाही. पण थांबण्याचं तत्त्व टिकलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 34 मध्येही मुदत तीनच वर्षांची आहे: ज्ञात वारस नसलेल्याची जमीन जिल्हाधिकारी ताब्यात घेतात, वर्षावर्षाने खंडाने देतात, तीन वर्षांत कोणी दावा केला तर चौकशी करतात. कालिदासाच्या 'शाकुंतल'मध्ये धनमित्र हा व्यापारी समुद्रात बुडतो. तो निपुत्रिक, म्हणून धन राजाचं, असं अमात्य कळवतो. दुष्यंत आधी विचारतो, त्याची एखादी बायको गरोदर आहे का? एक निघते, आणि धन त्या गर्भाचं ठरतं. याच किनाऱ्यावर याच्या उलट घडलं. 1838 मध्ये कुलाब्याचे रघोजी आंग्रे वारले. त्यांच्या मागे जन्मलेला मुलगाही अल्पायुषी ठरला. विधवेने दत्तकाची परवानगी मागितली, ती नाकारून ईस्ट इंडिया कंपनीने संस्थान खालसा केलं. सातारा खालसा होण्याआधी, गव्हर्नर जनरल डलहौसी यायच्याही आधी. वारस नाही म्हणायचं आणि वारस होऊही द्यायचा नाही, याला राखण म्हणत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, तीस वर्षं फिरकला नाही त्याने हक्क सोडलाच की. पण आपल्या परंपरेत संन्यासाने स्वत्व सुटतं, तेही ठरवून, विधिपूर्वक. गिरणीत नोकरीला मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्याने संन्यास घेतला नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: जमीन ओसाड ठेवून कोणाचं भलं? कोणाचंच नाही, म्हणून ती कसायला द्यावी, उत्पन्नाचा हिशेब मात्र ठेवावा. बँकांतल्या ठेवींना हे जमतं. दहा वर्षं दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी ठेवीदाराला किंवा वारसाला ती नंतरही मागता येते. अलिबागेत जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर बेवारस वाडीवर पहिली नजर सरकारची नसते, दलालाची असते. तेव्हा मुंबईत राहणाऱ्या मंडळींनो, भाऊबंदकी बाजूला ठेवून या गणपतीत गावच्या तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या.