पुरेसं आलं असलेला मित्र

कँटोनीजमध्ये धाडसी माणसाला 'गाउ ग्योंग' म्हणतात. शब्दशः, ज्याच्यात पुरेसं आलं आहे असा. 'गाउ दाम' म्हणजे पित्ताशय पुरेसं असलेला. आपली फारसीतून आलेली जिगरही मुळात यकृतच, तेव्हा याचं नवल वाटू नये.

भाषांतरात मी अडते ती 'यी हेइ'पाशी. मित्रांमधल्या निष्ठेचा हा शब्द. पण मराठीतली निष्ठा बहुधा खालून वर जाते: धन्याकडे, पक्षाकडे, देवाकडे. खाल्ल्या मिठाला जागणं हेही चाकराचंच. 'यी हेइ' आडवी चालते, बरोबरीच्यांत. 'जिवाला जीव देणं' जवळचं आहे, पण फार गंभीर. हाँगकाँगमध्ये मैफल सोडून लवकर घरी निघणाऱ्यालाही 'तुझ्यात यी हेइ नाही' असं चिडवतात.

या गुणाचा देव ग्वान यू. टोळ्या त्याला पूजतात आणि हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही त्याचे देव्हारे असतात. 'तीन राज्यां'च्या कादंबरीत तो हाती सापडलेल्या त्साओ त्साओला जुने उपकार स्मरून सोडून देतो, तेही स्वतःच्या शिराची लेखी हमी दिलेली असताना. सैन्याच्या हिशेबी हा अपराध. कादंबरी मात्र त्याला लहान करत नाही.

उलट टोकाचा शब्द 'यी ङ त्साइ', म्हणजे 'दोन-पाच पोऱ्या': आतून दगा देणारा. 2002 च्या 'इन्फर्नल अफेअर्स' या चित्रपटात एक पोलीस टोळीत शिरलेला आहे आणि टोळीचा एक जण पोलिसांत. शब्द दोघांनाही लागतो. मराठीत 'फितूर' म्हणावं तर लगेच किल्ला आणि राज्य डोळ्यांपुढे येतं, न्यायाची बाजू आधीच ठरून जाते. कँटोनीज शब्द बाजू विचारत नाही. तू कोणाच्या पंगतीत जेवलास एवढंच विचारतो. टोळीतला एक भोळा साथीदार त्या पोलिसाची गैरहजेरी झाकतो आणि पुढे गोळी लागून त्याच्या शेजारीच मरतो. पोलिसाने कर्तव्य केलं, योग्यच केलं असं मी मानते. पण त्या साथीदाराला त्याने फसवलं, हेही तितकंच खरं. पहिल्याने दुसरं पुसलं जात नाही.

म्हणून 'गद्दार' खोडून मी 'घरभेदी' लिहिलं. न्यायाच्या बाजूला जाऊनही बिभीषणाला तो शब्द चुकला नाही. मसुद्यात सध्या तरी तोच आहे.